चाकूची सपाट बाजू

हे लिहायला बसल्यापासून मी तीनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का ते बघायला, एकदा गच्चीवरचं लिंबाचं रोप वाऱ्यानं कलंडलं का ते बघायला, आणि एकदा उगीचच. आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तू उभ्यानंच लिही ना." निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण बूड टेकवून बसायची सवय मला अजून लागलेली नाही. ज्या हातांनी सगळी नोकरीभर रोज काहीतरी कापलं, बांधलं, पुरलं, त्यांना आता मांडीवर गप पडून राहा म्हणून सांगणं सोपं नाही.

मी कलमं बांधायची. बनारसच्या वेशीवर एक रोपवाटिका आहे, तिथे नोकरीला होते. कागदावर हुद्दा बराच लांबलचक होता, पण रोपं न्यायला येणारे लोक मला "कलमवाली मैडम" म्हणत आणि तेच बरोबर होतं. आमचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. पिढ्यान्‌पिढ्या घरात मंत्र म्हणणारे आणि शाळेत शिकवणारे. चिखलात हात घालणारी मी पहिलीच. आई म्हणायची, "एवढी एमेस्सी करून शेवटी माळीण झालीस." ते खरंच होतं, म्हणून मला कधी राग आला नाही.

कलमाबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आंब्याची कोय लावली तर आंब्याचं झाड येतं, पण तोच आंबा येईल याची खात्री नसते; बहुतेकदा नाहीच येत. लंगडा हा इकडचा नावाजलेला आंबा; त्याच्या कोयीतून लंगडाच मिळेल म्हणून वर्षानुवर्षं पाणी घालत बसलेले लोक मी पाहिले आहेत. तोच आंबा हवा असेल तर त्याच झाडाची काडी कापून आणायची आणि कोयीपासून वाढवलेल्या दुसऱ्या रोपाला जोडायची. त्या रोपाला आम्ही खुंट म्हणतो. खुंटाला बाजूनं तिरका काप द्यायचा, काडीला तसाच काप द्यायचा, दोन्ही काप एकमेकांना टेकवून वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सालीखाली जो ओला पापुद्रा असतो तो दोघांचा जुळला तर काडी फुटते. मध्ये केसाएवढी फट राहिली तर वाळते. सगळी विद्या एवढीच आहे, आणि ती यायला मला चारपाच वर्षं लागली.

काप एका ओढीत झाला पाहिजे. दुसऱ्यांदा चाकू लावायचा नाही. नवीन आलेल्या मुलींना मी सांगायची, चुकला तर काडी फेकून द्या, तासत बसू नका. तासलेलं कधी सपाट होत नाही.

त्यासाठी चाकू वेगळा असतो. मिटणारा, खिशात मावणारा. आपल्या साध्या चाकूच्या पात्याला धारेपाशी दोन्हीकडून उतार असतो. कलमाच्या चाकूला एकाच बाजूनं असतो आणि दुसरी बाजू पाटीसारखी सपाट असते. ती सपाट बाजू काडीला टेकून सरकते, म्हणून काप सरळ येतो. आता उजव्या हातानं काम करणाऱ्याला उतार ज्या बाजूला लागतो त्याच्या बरोबर उलट बाजूला तो डावखुऱ्याला लागतो, आणि मी डावखुरी आहे. लहानपणी पंगतीत डाव्या हातानं मीठ वाढलं म्हणून आत्यानं माझ्या मनगटावर पळी मारली होती. रोपवाटिकेत पळी कुणी मारली नाही, पण सगळे चाकू उजवे. पहिलं वर्षभर माझे काप वाकडे येत आणि मुकादम म्हणे, "इनसे न होगा." शेवटी साहेबांनी कुठूनतरी माझ्यासाठी डावा चाकू मागवला. सगळ्या रोपवाटिकेत तो एकच तसा होता. दुसऱ्या कुणी उचलला तर लगेच खाली ठेवी. निवृत्त झाले त्या दिवशी मला शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि तो चाकू मिळाला. घड्याळ बंद पडलं आहे.

एक गोष्ट मात्र विचित्र. इतकी वर्षं तो चाकू मी चालवला, पण त्याला धार कधी लावली नव्हती. शनिवारी चाकू भांडारात जमा करायचे आणि सोमवारी धार लावून परत मिळायचे, अशी पद्धत. कोण लावतं, कशावर लावतं, मी विचारलंही नाही. घरात घासलेली भांडी फळीवर मिळावीत तशी मला धार मिळत होती.

निवृत्तीनंतर पहिल्या वर्षी मी शेजारच्यांच्या तुळशी छाटल्या. न विचारता. मग गच्चीतली सगळी रोपं या कुंडीतून त्या कुंडीत केली, ती मेल्यावर दुसरी आणली. सकाळी घाटावर जायची, पायऱ्या उतरायची आणि पाण्याला हात लावून लगेच परत चढायची. बाकीच्या बायका तिथे तासभर बसत. काहीतरी करायचं राहिलं आहे असं वाटत राही आणि काय ते आठवत नसे. एकदा खण आवरताना चाकू हाती आला. पातं तांबूस झालेलं, धार गेलेली. गल्लीत सायकलवर चाक लावून धार लावणारा येतो, त्याच्याकडे आधी नमुन्यादाखल विळी दिली. ठिणग्या उडाल्या, पातं निळं पडलं आणि विळी बोटभर अरुंद होऊन परत आली. त्याच्या हाती हा चाकू देणं शक्य नव्हतं.

मुलीला फोनवर सांगितलं. ती बंगळूरला असते आणि तिच्या मते जगातल्या प्रत्येक अडचणीवर एक पार्सल असतं. आठवड्यानं पार्सल आलं. लाकडाचा एक ठोकळा, त्याला तिरपी भोकं, आणि चिनीमातीच्या चार कांड्या: दोन राखाडी, जरा खरखरीत, दोन पांढऱ्या, गुळगुळीत, शाळेतल्या खडूपेक्षा लांब. बरोबर चिठ्ठी, "आई, आता तुळशींना सोड."

कांड्या भोकांत रोवल्या की त्या वर फाकून उभ्या राहतात. चाकू सरळ उभा धरायचा, दुधीची फोड करावी तसा वरून खाली ओढायचा. एकदा डावीकडच्या कांडीवर, एकदा उजवीकडच्या. कोन कांड्यांनी धरलेला असतो; आपण फक्त हात सरळ ठेवायचा. पाणी नको, तेल नको. फोनवरच्या व्हिडिओतला माणूस हे करताना हसत होता. मला घाम फुटला. हात सरळ ठेवणं म्हणजे काय हे मला माहीत आहे असं वाटत होतं, पण दहाबारा ओढींनंतर चाकू आडवा होई आणि मला कळतही नसे. शिवाय मी जोर लावायची. जोरानं धार येत नाही, उलट कड मुडपते, हे समजेपर्यंत घरातले सगळे चाकू आधीपेक्षा बोथट झाले आणि आमच्या ह्यांना टोमॅटो हातानं फोडून खावा लागला.

पण एकदा जमलं. कसं जमलं सांगता येणार नाही. ओढण्याचा आवाज बदलला, खसखस होती ती बारीक सूं अशी झाली. समोरचा पेपर उचलला आणि उभा चिरला. चाकू आपल्या वजनानं खाली गेला. "मी अजून वाचला नव्हता," हे म्हणाले. मग मी थांबले नाही. सुरी, विळी, ह्यांचा पेन्सिलचा चाकू, सगळ्यांना धार. कांड्यांवर पोलादाची राखाडी पूड चढते, ती भांड्यांच्या पावडरीनं घासून काढायची. धार पाहायला मनगटावरचे केस उतरवायची, तर माझ्या उजव्या हाताला टक्कल पडलं. एक पांढरी कांडी फरशीवर पडून दोन तुकडे झाले तेव्हा मला रडू आलं, आणि मला त्याचं आश्चर्यही वाटलं. मुलीनं दुसरी पाठवली.

बातमी गल्लीत पसरली. पलीकडचे जोशीकाका सासुरवाडीहून मिळालेला चाकू घेऊन आले. लग्नापासून तो मखमलीच्या पेटीत होता. धार लावून दिली, तर पहिल्याच दिवशी पेरू चिरताना अंगठा कापून घेतला आणि गल्लीभर पट्टी दाखवत फिरले, "बघा, काय धार लावलीय!" एक नाववाला दोर कापायचा चाकू देऊन जाई. घाटावर पेरूच्या फोडी विकणारा दुसऱ्या दिवशी चाकू परत घेऊन आला आणि म्हणाला, "दीदी, थोड़ा कम कर दीजिए. इतना तेज़ है कि डर लगता है." कमी कसा करायचा ते मला माहीत नव्हतं. त्याला म्हटलं, चार दिवस वापर, आपोआप कमी होईल.

आषाढात ओंकारनाथ तिवारी आले. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, रोपवाटिकेतून पत्ता विचारत विचारत आलेले. जिना चढून दम लागला होता तरी पाणी घेण्याआधी कामाचं बोलले. त्यांच्या घरचं आंब्याचं झाड रस्ता रुंद करण्यात जाणार होतं, पावसाळा संपल्यावर तोडू असं सांगितलं होतं. त्याची कलमं करून हवी होती. रोपवाटिका नाव असलेल्या जातींचीच कलमं करते आणि या आंब्याला नाव नव्हतं. कधीतरी कुणीतरी टाकलेल्या कोयीतून तो उगवला होता.

"आप लोग क्या कहते हैं उसको?" मी विचारलं.

"आम," ते म्हणाले. "बाकी को लंगड़ा, दसहरी, चौसा कहते हैं. इसको आम कहते हैं."

नाव असलेल्या आंब्याची झाडं हजारो असतात. हे एकच होतं. ते गेलं की तो आंबा जगातून गेला, आणि त्याची कोय पेरून तो परत येणार नव्हता. हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते जिना चढले होते. मी हो म्हटलं. जाताना दारात वळून म्हणाले, "एक बात है. कलम इधर के लिए चाहिए. उधर एक भी नहीं जाना चाहिए."

उधर म्हणजे कुठे ते दुसऱ्या दिवशी कळलं. स्कूटरवरून शंभूनाथ तिवारी आले, धाकटे भाऊ, सत्तरी ओलांडलेले. "उधर से कोई आया था?" हाच पहिला प्रश्न. मग म्हणाले, "पौधा हमारे यहाँ रहेगा, दीदी. उधर मत दीजिएगा." मी दोघांनाही हो म्हणून बसले. कलमं पुरेशी झाली की निम्मी निम्मी देऊ, भांडण कशाला, असा माझा हिशेब.

जाऊन पाहिलं तर घराची वाटणी झालेली. अंगणाच्या मधून भिंत घातली होती, ती झाडाच्या बुंध्यापर्यंत येऊन थांबली होती आणि बुंध्याच्या पलीकडे पुन्हा सुरू झाली होती. इकडे पडलेले आंबे इकडचे, तिकडे पडलेले तिकडचे. भाऊ एकमेकांशी बोलत नसत. मोठे मला मोठ्यानं सांगत, "कुछ लोग जड़ में साबुन का पानी डालते हैं, मैडम, समझा दीजिए." भिंतीपलीकडून उत्तर येई, तेही मलाच, "दीदी, कह दीजिए, नाली उधर की टूटी है." मी मध्ये उभी. एकमेकांचं बोलणं दोघांना ऐकू येत होतं, मी फक्त मान हलवायची.

रोपवाटिकेतून खुंट आणले, निम्मे एकीकडे ठेवले, निम्मे दुसरीकडे. फांद्या निवडून पानं छाटून ठेवली, म्हणजे डोळे फुगतात. आठवड्यानं परत गेले. त्या दिवशी सकाळी माझ्या चाकूला धार लावली. आधी उतार असलेली बाजू कांडीवर ओढली. मग व्हिडिओत सांगतात तशी पलीकडे राहिलेली बारीक कड मोडायला सपाट बाजूही दुसऱ्या कांडीवर हलक्या हातानं चारसहा वेळा. गल्लीतल्या चाकूंवर तोच हात बसला होता. एकदा डावी, एकदा उजवी. मनगटावरचा उरलासुरला केस उडाला. इतकी धार या चाकूला भांडारातूनही कधी आली नसेल असं मनात म्हटलं आणि खूश झाले. झाड म्हातारं, चांगल्या काड्या जेमतेम बारा; त्या सगळ्या घेतल्या आणि कलमं बांधली.

एकही लागलं नाही.

तीन आठवडे मी दर दोनतीन दिवसांनी टोटो, म्हणजे इथली बॅटरीवरची रिक्षा, करून तिथे जात होते. काड्या आधी मलूल, मग काळ्या. धाकटे म्हणाले, "उमर हो जाती है, दीदी," आणि ते सांत्वन म्हणूनच म्हणाले होते. मला ते लागलं. हात गेला असं मला वाटलं. नोकरीत माझी शंभरातली फारच थोडी कलमं मरायची. आता बारा मेली. मी घरात येरझाऱ्या घालायची आणि डाव्या हाताकडे बघायची. थरथरत नव्हता. म्हणजे आतलं काहीतरी गेलं असणार. गल्लीतले चाकू परत पाठवले. कांड्या फळीवर टाकल्या. माझा हात गेला यापेक्षा त्यांचा आंबा माझ्या हातून गेला हे जास्त सलत होतं. झाडावर धड काड्याही मी ठेवल्या नव्हत्या.

एक मेलेलं कलम घरी आणलं होतं. एका दुपारी ते सोडून पाहिलं. काडी आणि खुंट मधोमध चिकटलेले होते, दोन्ही कडांना मात्र सुटलेले. असं का व्हावं? गच्चीतल्या पेरूची डहाळी आणली, तिला काप दिला, दुसऱ्या डहाळीला दिला, दोन्ही काप जुळवून खिडकीशी धरले. कडेनं उजेड दिसला. काप सपाट नव्हता, मधे फुगीर होता. पुन्हा कापलं, पुन्हा तेच. हात थरथरत नव्हता, काप गुळगुळीत होता, आणि तरी फुगीर. मग शंका आली. मुलीचा जुना काळा मार्कर शोधला, चाकूच्या सपाट बाजूला फासला आणि उभ्या कांडीवरून नेहमीसारखा ओढला. काळं फक्त धारेच्या अगदी कडेला पुसलं गेलं, बाकी तसंच राहिलं.

कांडी तिरपी उभी असते. तिनं माझ्या सपाट बाजूच्या कडेलाही इवलासा उतार पाडला होता, डोळ्याला न दिसणारा. त्यामुळे चाकू काडीला टेकून सरकायच्या ऐवजी दर वेळी जरा वर निसटत होता. धार उत्तम होती, केस उडवत होती. फक्त तो आता कलमाचा चाकू राहिला नव्हता, भाजी चिरायचा झाला होता.

मी ओरडलेच. हे धावत आले. त्यांना सगळं दाखवलं. ते नीट ऐकून म्हणाले, "म्हणजे महिनाभर तू हाताला शिव्या देत होतीस, त्या आता कुणाला?"

"मलाच," मी म्हटलं. पण मला इतकं हलकं वाटत होतं की मी हसत होते.

कांड्या ठोकळ्यातून उपसल्या. ओल्या टॉवेलवर राखाडी दोन शेजारी शेजारी आडव्या ठेवल्या आणि त्यांच्यावर चाकूची सपाट बाजू पूर्ण टेकवून घासायला लागले, ठोकळा नाही, कोन नाही. मार्कर फासायचा, घासायचं, बघायचं. आधी पात्याच्या पाठीकडचं काळं गेलं, मग मधलं. धारेजवळची काळी रेघ काही केल्या जाईना. तो उतार नाहीसा करायचा म्हणजे त्याच्याएवढं सगळं पोलाद झिजवायचं, आणि कांड्या बारीक; वेळ लागणारच. रोज सकाळ-संध्याकाळ ओट्याशी उभी राहून घासत होते. रेघ बारीक होत होती. झाडाला नवे धुमारे येतील, आश्विनात पुन्हा काड्या मिळतील, असा विचार होता.

भाद्रपदात एका सकाळी फोन आला. "मैडम, काट रहे हैं." मोठे. फोन ठेवते तोच पुन्हा वाजला. "दीदी, आज ही काट रहे हैं." धाकटे. मी चाकू, पट्ट्या, ओलं फडकं आणि पांढऱ्या कांडीचा तुटका तुकडा पिशवीत कोंबला आणि निघाले. रेघ अजून पुरती गेली नव्हती. टोटोवाल्याला मी इतक्यांदा जल्दी म्हटलं की शेवटी तो म्हणाला, "माताजी, आप ही चला लीजिए."

पोहोचले तेव्हा झाड आडवं झालं होतं. भिंतीचा मधला भाग त्याच्याबरोबर गेला होता. फांद्या ट्रॅक्टरवर चढत होत्या. मी म्हटलं, मला काड्या हव्यात, पेन्सिलीएवढ्या, टोकाला फुगलेला डोळा असलेल्या. दोघे भाऊ फांद्यांत शिरले. मोठ्यांनी काठी टाकली आणि वाकून वाकून एकेक डहाळी मोडून आणू लागले. आणलेली मी बघायची आणि फेकायची. कोवळी, कोवळी, जून, किडकी. चांगल्या होत्या त्या आधीच मी घेऊन मारल्या होत्या. पानं छाटून ठेवायलाही सवड नव्हती. शेवटी बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. त्या ओल्या फडक्यात ठेवल्या आणि मी बुंध्यावर बसून चाकू घासायला लागले. बोटभर तुकडा आडवा धरायचा, पातं त्यावर सपाट टेकवायचं. ट्रॅक्टरवाले बघत होते, हसत होते. मी घासत होते.

रेघ गेली. डहाळीला काप दिला, दोन काप जुळवून उजेडाकडे धरले. उजेड आला नाही.

खुंट जिवंत होते. असं बाजूनं लावलेलं कलम मेलं तरी खुंट मरत नाही, खाली दुसरा काप देता येतो. दोन्ही बाजूंच्या कुंड्या मागवल्या आणि एका बसणीत सगळी कलमं बांधली. दोघे डोक्यावर उभे होते. कुठली कुंडी इकडची, कुठली तिकडची, हे मोठे काठीनं दाखवायला लागले तेव्हा मी म्हटलं, रोपवाटिकेचा नियम आहे, कलम फुटल्याशिवाय वाटणी नसते. तोपर्यंत सगळ्या एका जागी, सावलीत. सावली आता धाकट्यांच्या पत्र्याखालीच उरली होती. मोठे रोज सकाळी पडक्या भिंतीतून येऊन कुंड्यांशी उभे राहतात, असं धाकट्यांनी मला फोनवर सांगितलं.

मी मुद्दामच लवकर गेले नाही. दसऱ्यानंतर गेले. पत्र्याखाली कुंड्या मांडलेल्या होत्या, बहुतेक काड्या काळ्या. एका कुंडीत डोळा फुटला होता आणि चार तांबूस पानं बाहेर आली होती. मी खाली बसून पट्टी चाचपली, पाहिलं, पुन्हा पाहिलं. लागलं होतं. एकच. मला आनंद झाला, पण दोघे भाऊ दोन बाजूंना उभे होते आणि मी दोघांनाही शब्द दिला होता.

मी काही बोलायच्या आत मोठे मला म्हणाले, "मैडम, छोटे को दे दीजिए." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते म्हणाले, "फल आएगा तब कोई तो होना चाहिए जो खाके बताए कि वही है कि नहीं. हम कहाँ रहेंगे."

हे खरं होतं. कलम लागलं, पण आंबा तोच आहे हे सांगणार कोण? ज्यांनी तो खाल्ला आहे तेच. मी धाकट्यांकडे पाहिलं. ते पानांकडे बघत होते. मग म्हणाले, मलाच, "दीदी, इनसे कहिए, हम क्या पहचानेंगे? बचपन में अच्छे-अच्छे सब तो यही खा जाते थे. हमको गुठली मिलती थी."

पत्र्यावर कावळा बसला होता तो उडाला. मी मान हलवली नाही. या वेळी काही पोहोचवायचं नव्हतं.

मोठ्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कितना साल लगेगा?" त्यांनी विचारलं.

"चार," मी म्हटलं. "शायद पाँच."

ते तिथेच, धाकट्याच्या पत्र्याखाली, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले. "ठीक है," ते म्हणाले. "रुक जाते हैं."